जुळ्यातला दुसरा

मी एका मिशन हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड सेक्शनला आहे. काम तसं कंटाळवाणंच, इन्शुरन्सवाल्यांना डिस्चार्ज समरी काढून दे, फुले योजनेच्या क्लेमचे कागद स्कॅन कर, पोलीस आले की एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची, फाईल शोध, आणि मधे मधे डॉक्टरांच्या मागे लागून अर्धवट सोडलेल्या केस शीट पूर्ण करून घे. हॉस्पिटल कॅथलिक नन्सनी सुरू केलंय, आज सीटी स्कॅन आलं, डायलिसिस आलं, तरी जुने लोक मिशनचा दवाखानाच म्हणतात.

आमच्या रेकॉर्ड रूमच्या मागच्या कपाटात अगदी सुरुवातीपासूनची लेबर रूमची रजिस्टरं आहेत. खरं तर नियमाप्रमाणे ती कधीच रद्दीत जायला हवी होती, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवा एवढंच आहे, पण नन्सना काही फेकवत नाही आणि आमचं नशीब की फेकवत नाही. जाड कापडी बांधणी, पानांना कडेने कसर लागलेली, आणि आत एकाच तिरक्या इंग्लिश अक्षरात ओळीमागून ओळी. बाईचं नाव, वय, कितवी खेप, मूल डोक्याने आलं की पायाळू, वजन पौंड आणि औंसात, मग फीचा कॉलम आणि शेवटी रिमार्क. फीचा कॉलम वाचायला मजा येते, आधी रुपये आणे पै, मग १९५७ मधे नवे पैसे आले की एकदम कॉलमच्या रेघा बदलतात, आणि दोन्ही काळात अर्ध्याहून जास्त ठिकाणी नुसतंच 'निल'.

गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या ज्युबिलीची स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहासाचा लेख माझ्या गळ्यात पडला, कारण काय तर जुने कागद तुझ्याकडेच असतात ना. आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर सिस्टर मूळ केरळच्या, मराठी फाडफाड बोलतात पण लिंगाचा घोळ कायम. त्यांनी मला वाचायला काय काय दिलं आणि त्यात मला एक अशी गोष्ट सापडली की मी दोनदा वाचली. नन्सनी बाळंतपणं करायची नाहीत असा चर्चचाच दंडक होता! डॉक्टरकी करायची नाही आणि सुईणीच्या कामाला तर हातच लावायचा नाही, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईला ते शोभत नाही म्हणून. आणि इकडे हिंदुस्तानात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवणार नाहीत, त्यापेक्षा मरतील, आणि मरतच होत्या. ॲग्नेस मॅकलॅरन म्हणून स्कॉटलंडच्या डॉक्टर होत्या, त्यांनी रावळपिंडीला बायकांसाठी हॉस्पिटल काढलं आणि उतारवयात रोमच्या खेपा घातल्या की हा नियम बदला. १९१३ मधे त्या गेल्या, नियम तसाच. त्यांच्याबद्दल वाचून ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगेल डॉक्टर झाल्या, १९२० मधे रावळपिंडीत त्याच हॉस्पिटलात आल्या, १९२५ मधे अमेरिकेत जाऊन मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली, पण पूर्ण अर्थाने नन नाही होता आलं, कारण परत तेच, नन झालं की डॉक्टरकी सोडा. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लोरी आंध्रात गुंटूरला आल्या त्याही १९२० मधेच, त्यांना पोपची खास परवानगी मिळाली होती तेव्हा कुठे ननच्या वेषात पेशंट तपासता आले. शेवटी १९३६ मधे रोमने नियम बदलला आणि उलट सांगितलं की नन्सनी डॉक्टर, नर्स, सुईण हे सगळं नीट शिकावं. १९४३ मधे ग्लोरींनी कॅथलिक हॉस्पिटलांची देशपातळीवरची संघटना उभी केली, आज तिच्यात साडेतीन हजारांच्या वर संस्था आहेत. आमचं हॉस्पिटल नियम बदलल्यानंतरच्या लाटेतलं. म्हणजे माझ्या कपाटातली ती रजिस्टरं १९३६ च्या आधी असूच शकली नसती, असली तरी त्या अक्षरात नसती.

हे सगळं डोक्यात ताजं होतं आणि त्याच आठवड्यात ते काका आले.

पासष्टीचे असतील. बरोबर त्यांची मोठी बहीण, काठी टेकत, आणि जावई. मुलगी परदेशात, तिथल्या कागदपत्रांसाठी वडिलांच्या जन्माचा पुरावा पाहिजे. काकांचा जन्म १९५९ चा, जन्म मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला १९६९ मधे, त्यामुळे त्यांच्या ग्रामपंचायतीत नोंदच नाही. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेतात आणि सोबत जे मिळेल ते जोडतात, शाळेचा दाखला, घरच्या मोठ्यांचं ॲफिडेव्हिट, हॉस्पिटलात जन्म झाला असेल तर तिथला उतारा. उशिरा नोंद करायची तर पूर्वी कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते जिल्हाधिकारी, प्रांत यांच्याकडे गेलं. असे लोक माझ्याकडे येतच असतात, बहुतेकांना तारीख माहीत नसते, 'पोळ्याच्या आसपास' असं काहीतरी सांगतात आणि मग मी पानं उलटत बसतो. काकांचं सोपं होतं कारण आक्कांनी सांगितलं, "जुळं होतं. दुसरं लगेच गेलं." जुळी कमी असतात, चटकन सापडली.

पहिल्या ओळीत पहिलं मूल, मुलगा, चार पौंड सहा औंस, जिवंत. त्याच्या खाली दुसरं, मुलगा, पायाळू, दोन पौंड पंधरा औंस, श्वास धड नाही, चाळीस मिनिटांनी मृत्यू. आणि रिमार्कमधे लाल शाईची एक छोटी फुली आणि पुढे जोसेफ असं नाव.

मी याआधी त्या फुल्या पाहिल्या होत्या. मरणाऱ्या मुलांपुढेच असायच्या, मला वाटायचं मृत्यूची खूण. पण नाव? हिंदू बाईच्या, चाळीस मिनिटं जगलेल्या मुलाचं नाव जोसेफ? मला अर्थ लागला आणि माझा हात त्या पानावरच राहिला, कारण समोर तिघं वाकून बघत होते आणि जावयाला इंग्लिश येत होतं.

त्याला माझ्याआधीच समजलं असावं. "हे काय आहे? बाटवलं का?" असं त्याने चांगलं मोठ्याने विचारलं. मग माझ्या शर्टावरच्या नेमप्लेटवर आडनाव वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही तर आपलेच आहात, तुम्हीच सांगा." मला राग आला की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं थांबा, सिस्टरना बोलावतो. खरं तर पीआरओला बोलवायची पद्धत आहे, पण तो आला असता तर एक गोड वाक्य बोलून रजिस्टर बंद करून घेऊन गेला असता.

सिस्टर आल्या, चष्मा लावून ओळ वाचली आणि सरळ म्हणाल्या, "हो, बाप्तिस्मा दिलेला आहे." मी मनात म्हटलं आता झालं. पण त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, मूल मरणार हे दिसत असेल तर कोणीही, अगदी नर्सही, कपाळावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन नावांनी बाप्तिस्मा देऊ शकते, त्याला फादर लागत नाही, आणि त्या काळचा चर्चचा कायदा म्हणजे १९१७ चा, त्यात असं होतं की आईबाप ख्रिस्ती नसले तरी चालेल, त्यांना न विचारता दिला तरी चालेल. नन्सची श्रद्धा अशी होती की बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, कुठेतरी मधे अडकून राहतं. जावई म्हणाला, "आणि आता?" सिस्टर म्हणाल्या, कायद्यात ते कलम १९८३ च्या नव्या संहितेतही आहे, खोटं कशाला सांगू, पण २००७ मधे व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितलं की अशी मुलं देवाकडेच जातात अशी आशा धरायला चांगली कारणं आहेत, आणि आमच्याकडे आता पालक स्वतः ख्रिस्ती असतील आणि त्यांनी मागितलं तरच करतो. "तेव्हा विचारायला पाहिजे होता," म्हणाल्या. तोच लिंगाचा घोळ, पण कोणी हसलं नाही.

आक्का इतका वेळ स्टुलावर बसून होत्या. त्यांना इंग्लिश नाही, बाप्तिस्मा हा शब्दही माहीत असेल नसेल, पण पाणी म्हटल्यावर त्या बोलायला लागल्या. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या. बैलगाडीतून आईला आणलेलं, वडील बैल सोडायला गेलेले आणि ही पोर लेबर रूमच्या दाराच्या फटीतून बघत उभी. "त्या सिस्टरनं बारक्याच्या डोक्यावर पाणी घातलं, मी बघितलं. मला वाटलं शुद्धीवर आणत्यात. मग त्याला ठेवलं आणि आईच्या पोटावर मूठ दाबून उभी राहिली ती, किती वेळ, मला वाटलं आईला मारती का काय. झगा पुढून सगळा लाल."

मी खाली रजिस्टरमधे बघितलं. पुढच्या ओळीत आईचंच होतं, बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव, वार हाताने काढली, रक्त थांबवायचं अर्गोमेट्रिन, सलाईन. सतराव्या दिवशी डिस्चार्ज. फी निल. अक्षर तेच, शाई तेवढी निळी. आमच्या गायनॅकच्या मॅडमना नंतर दाखवलं तर त्या म्हणाल्या, ब्लड बँक नसताना जुळ्याच्या केसमधे हे झालं आणि बाई घरी गेली, म्हणजे तिथे हात चांगला होता कोणाचातरी. आक्का म्हणाल्या आई त्यानंतर पंचेचाळीस वर्षं जगली आणि गावातली कुठलीही सून अडली की मिशनमधे न्या म्हणून मागे लागायची. पाण्याचं आईला कधी कळलं की नाही ते आक्कांना माहीत नाही, सकाळी वडिलांनी फडक्यात गुंडाळलेलं बाळ नेलं आणि शेताच्या बांधाला पुरलं एवढंच.

काका काहीच बोलत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "जोसेफ म्हणजे कोण?" सिस्टर म्हणाल्या, येशूला वाढवणारे वडील, सुतार होते, चांगलं मरण यावं म्हणून लोक त्यांना प्रार्थना करतात. काका म्हणाले, "आमच्या घरात त्याचं नावच नव्हतं. जुळ्यातला दुसरा, असंच म्हणायचे."

आता उताऱ्याचा प्रश्न. पानाची झेरॉक्स द्यायची तर बाकीच्या पेशंटच्या ओळी झाकाव्या लागतात, मी त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. जावई पंधरा मिनिटांपूर्वी म्हणत होता ह्या पानाचा फोटो मला पाहिजेच, मी हे सोडणार नाही. तोच आता म्हणाला, खालची ओळ झाका, उगाच तिकडचा ऑफिसर विचारेल हा जोसेफ कोण, धर्म काय, व्हिसाचं लांबेल. मला हसू येत होतं, ते कसंबसं दाबलं. तसं त्याचं चूक नव्हतं म्हणा, बायकोचे कागद अडकले तर भोगायचं त्यालाच. काकांनी मात्र हात आडवा केला, "ती ओळ राहू दे." दोघांचं थोडं वाजलं, शेवटी मी दोन कॉप्या काढल्या, एक झाकलेली ऑफिससाठी आणि एक दुसऱ्या ओळीसकट, दोन्हीवर शिक्का आणि सिस्टरची सही. आक्कांना ॲफिडेव्हिटचा नमुना दिला, कारण आमच्या उताऱ्यात मुलाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा, जुळ्यातला पहिला', तोच हा माणूस हे सांगणारं कोणीतरी जिवंत लागतं.

लेखात हे घालायचं का यावर स्मरणिकेच्या कमिटीत बरीच चर्चा झाली. एक ट्रस्टी म्हणाले सध्याचे दिवस बघता अजिबात नको, कोणीतरी मोर्चा घेऊन येईल. सिस्टरचं म्हणणं, घाला, आपण नाही लिहिलं तर दुसरं कोणी अर्धं लिहील. माझी तोपर्यंत सगळी रजिस्टरं चाळून झाली होती. लाल फुल्या सुरुवातीला बऱ्याच आहेत, साठच्या दशकाच्या मध्यानंतर विरळ होत जातात आणि सत्तरच्या दशकात संपतात. सिस्टर म्हणाल्या बघ, हा दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलचा, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेचा परिणाम, १९६२ ते १९६५ मधे चर्चची दुसऱ्या धर्मांकडे बघायची नजरच बदलली. आमचे रिटायर झालेले बालरोगतज्ज्ञ अजून ओपीडीत चहाला येतात, ते म्हणाले कसलं कौन्सिल, आम्ही बाळांना ऊब द्यायचा वॉर्मर आणला, ऑक्सिजनची लाईन टाकली, फुली मारायला मरणारी मुलं तर पाहिजेत! दोघांना समोरासमोर बसवलं तर तासभर भांडले आणि दोघांनीही माझ्याच रजिस्टरचा दाखला दिला.

मी दोघांचं लिहून दिलं होतं. मग छपाईच्या शेवटच्या फॉर्मला एका फार्मा कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि बालरोगतज्ज्ञांचा परिच्छेद कापला गेला, त्यांनी अजून तो विषय सोडलेला नाही.