तीन मिनिटांत गाणं!

आज संध्याकाळी शनिवार पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये एका तरुण गायिकेच्या नव्या अल्बमचा लाइव्ह शो ऐकला. शब्द-चाली तिच्याच, बाज मात्र जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा. सगळ्यांत मिळून माइक एकच! क्लॅरिनेटवाला आपली ओळ आली की तिच्या खांद्यामागून पुढे सरकायचा, वाजवून झालं की गुपचूप मागे. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून हिची गाणीही तेवढीच. आटोपशीर. एका गाण्याअखेर तिने त्या जमान्यातल्या गायिका गौहरजानसारखं (१९०२ सालचं रेकॉर्डिंग!) स्वतःचं नाव पुकारलं, तेव्हा हॉल दणाणला. निवेदन मात्र जरा लांबलंच. मागून एका आजोबांचं "गाणं होऊ द्या" आलंच. अल्बमची एलपी (मोठी तबकडी) घेतलीये. प्लेअर काकांकडे आहे, रविवारी धडकतोय.