पंखा फिरतो, पण वारा निघत नाही

एप्रिल संपता संपता जिनिंगलगतच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याजवळच्या) वस्तीतला एक मुलगा गेमिंग लॅपटॉप घेऊन दुकानात आला. "भाऊ, गेम लावला का दहा मिनिटांत लय तापते अन् बंदच पडते. पेस्ट बदलून द्या." पेस्ट म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंकमध्ये पोचवणारा मलमासारखा थर. विदर्भातल्या कापसाच्या या पट्ट्यात मी पेस्टकडे नंतर वळतो. आधी हवेचा रस्ता तपासतो.

खोलण्याआधी मोजलंच पाहिजे, नाहीतर फरक काय पडला ते कळत नाही. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून गेम चालवला. प्रोसेसर ९८ अंशांवर गेला आणि चार गिगाहर्ट्झचा वेग दीडवर आला. जीव वाचवायला चिप स्वतःच वेग कमी करते, म्हणून गेम अडखळतो. पंख्यांचा आवाज भरपूर, पण मागच्या जाळीशी हात धरला तर वारा जेमतेम. इथेच आत रुईचा बोळा अडकल्याची शंका पक्की झाली.

मागचं झाकण काढून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही तेव्हाच पाहिलं. टचपॅड वर आलेला दिसला तर पुढे काही करूच नये. पंखा उचलला, तर पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधोमध रुईचा थर, घोंगडीसारखा घट्ट. चिमट्याने ओढला तसा अख्खाच निघाला. नुसती माती पट्ट्यांतून बरीचशी उडून जाते. रुईचा तंतू मात्र कडेला अडकतो आणि मग माती त्याला धरून बसते. बाहेरून ब्लोअर मारून हा बोळा निघत नाही. तो मागे पंख्याकडे सरकतो आणि मशीन सुरू होताच परत जागेवर येतो. शिवाय पातं बोटाने धरून न ठेवता हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता त्या तांब्याच्या पट्ट्यांपर्यंत नेणारा भाग, काढलाच होता, म्हणून पेस्टही बदलली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. चकचकीत पाऱ्यासारखं काही दिसलं तर ते लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डवर गेला तरी मशीन मरू शकतं. तिथे हात थांबवायचा. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं. म्हणून मधोमध ठिपका देऊन भागत नाही, कोपऱ्यांपर्यंत पातळ थर लागतो. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) चांगले होते, ते तसेच ठेवले. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड बसवला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि नवी पेस्ट लावूनही तापमान वाढतं. 'पेस्ट बदलल्यावर जास्तच तापायला लागला' अशा तक्रारींत मी हे आधी बघतो.

जोडून तोच गेम लावला: ८३ अंश. पण तेव्हा सकाळ होती, दुकानात ३० अंश. मुलाची खोली टिनाची, दुपारी तिथे ४२ सहज होतात. खोलीत जेवढे अंश वाढतात, साधारण तेवढेच चिपवर चढतात. म्हणजे घरी पुन्हा ९५. विदर्भातल्या उन्हाळ्यात सफाई एकटी पुरत नाही ती अशी.

म्हणून विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केली. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरने नेहमीपेक्षा जास्त वेग घेणं, बंद होतो. गेमला सेकंदाला ६० फ्रेमची (चित्रांची) मर्यादा घातली. त्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपला तांब्याच्या नळ्या सामाईक आहेत, त्यामुळे एकीचा भार उतरला की दुसरीही थंड होते. आकडा ७० च्या खाली आला. फ्रेम थोड्या घटल्या, पण अडखळणं गेलं. खेळताना सलग मिळणारे ६० फ्रेम मला मध्येच ३० वर आपटणाऱ्या १०० पेक्षा चांगले वाटतात.

मुलगा लॅपटॉप गादीवर, कूलरच्या थेट झोतात ठेवत होता. गादीने खालची जाळी बुजते. झोतातली ओल आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डवर पांढरा बसतो, शिवाय कूलर बाहेरची रुईही आत ओढतो. त्याला पाटावर ठेवायला सांगितलं, मागची बाजू दोनेक सेंटिमीटर उचलून, झोताच्या बाहेर. जिनिंगचा हंगाम सरला की उन्हाळ्याआधी एकदा खोलून सफाई करायची. मधल्या काळात जाळीसमोर टिश्यूची पट्टी धरून बघायची: पंखा जोरात ओरडतोय आणि पट्टी हलत नाही, तर बोळा परत बसला आहे.