उर्फ

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दुपारी वकिलांकडे बसून आईचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. आई जाऊन चार महिने झाले. मामाच्या गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव आहे. १९७८ साली आजोबा गेले तेव्हाच्या फेरफारानं लागलेलं, म्हणजे माहेरचं. मृत्यूच्या दाखल्यावर सासरचं. तिचं स्वतःचं नाव वेगळं, वडिलांच्या जागी नवरा, आडनावही वेगळं. तीन शब्दांतला एकही जुळत नाही. तेव्हा या दोघी एकच होत्या हे शपथेवर लिहून आणा, असं मामाला सांगण्यात आलं.

टाइप केलेलं वाक्य असं होतं: अमुक उर्फ तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी मयत आई होय. मी सही करून दिली. पण रिक्षात बसल्यापासून ते 'एकच' मनातून जाईना. मी कशाच्या बळावर शपथ घेतली? त्यातल्या पहिलीला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

आईचं लग्न १९६६ सालचं. ती एकोणीस वर्षांची होती. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि घरात सांगून टाकलं. कारण इतकंच, की तिचं माहेरचं नाव आणि थोरल्या काकूंचं नाव एकच होतं आणि एका घरात दोन सारखी नावं नकोत. तिला विचारलं नव्हतं. कॉलेजात असताना मला याचा फार संताप यायचा. वक्तृत्व स्पर्धेत मी आनंदीबाई जोशींवर बोलले होते. मूळच्या यमुना, नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. नाव पुसणं म्हणजे माणूस पुसणं, असं मी ठासून सांगितलं होतं आणि टाळ्याही मिळाल्या होत्या.

न विचारता नाव बदलणं हा अन्यायच, हे मी आजही म्हणेन. पण खाली कुठेतरी खरी यमुना शाबूत होती आणि आनंदी हे वरचं टरफल, हे मात्र आता पटत नाही. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली ती आनंदीच. तिथं ज्यांच्या घरी ती राहिली, त्या कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणत असे. पुढच्याच वर्षी पुण्यात ती गेली, तेव्हा तिच्या अस्थी त्या मावशीकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. जन्माचं नाव आईवडिलांचं, जगाला ठाऊक झालेलं नाव नवऱ्यानं दिलेलं, आणि शेवटची जागा मानलेल्या मावशीच्या माणसांत. यातून माणसं वजा करत गेलं तर उरेल ती आनंदीबाई कोण?

आईला मी एकदा विचारलं होतं, तुला कुठलं नाव आपलं वाटतं? ती भाजी निवडत होती.

"हाक कोण मारतंय त्यावर आहे."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांनी माहेरच्या नावानं हाक मारली असती तर मी ओ दिली नसती. आणि दादानं इकडच्या नावानं मारली असती तर रडू आलं असतं."

तेव्हा वाटलं, ती उत्तर टाळते आहे. आज वाटतं, तिनं नेमकं उत्तर दिलं होतं. आपल्या भाषेतला 'ओळख' हा शब्दच बघा. माझी ओळख म्हणजे मी कोण ते, आणि त्यांची माझी ओळख आहे म्हणजे आमचं येणंजाणं आहे. दोन्हीला एकच शब्द. निरोप घेताना 'ओळख असू द्या' म्हणतो, तेव्हा आपण समोरच्याकडे काहीतरी ठेवूनच निघतो. आईनं मामाकडे ठेवलेली मुलगी मामाजवळच आहे. झाडावरून पडून हात मोडलेली, गणितात मामाच्या पुढं असलेली. माझ्याकडे ती नाही. दिवसांना आलेल्या शेजारच्या काकू सांगत होत्या, तुझी आई नकला फार छान करायची. आमच्या घरात आईनं कधी कुणाची नक्कल केलेली आम्हा तिघा भावंडांना आठवत नाही. ती त्यांच्याच ओट्यावर जन्मली असणार, दोघींच्या मध्ये.

मग माणूस म्हणजे नुसता इतरांचा गोतावळा का? इथं मला जनाबाई अडवते. स्वतःला ती 'नामयाची दासी' म्हणवून घेते, दुसऱ्याच्या नावाशिवाय सही करत नाही. पण दळणकांडण करता करता देवाला कामाला लावणारा, त्याच्यावर रुसणारा तो आवाज नामदेवांचा नाही, तो तिचाच. नात्यातून उभा राहिलेला, तरी दुसऱ्या कुणात न सापडणारा.

आणि आईची दुपार. जेवणं उरकून भांडी पालथी घातली, की ती मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची. लवंग तोंडात. हातात काही नाही, निवडायला धान्य नाही, विणकाम नाही. बोरिंगच्या पलीकडे शेवग्याचं झाड होतं, तिकडे तोंड. अर्धा तास, कधी पाऊण. त्या वेळात हाक मारली तर ती ओ देत नसे. लहानपणी वाटायचं, तिला ऐकू जात नाही. नंतर कळलं, ऐकू जायचं. आई, वहिनी, काकू, कुठल्याच हाकेला ती तेव्हा नसायची. त्या पायरीवर कोण बसलेलं असे, हे प्रतिज्ञापत्रात आलेलं नाही आणि मला लिहिताही आलं नसतं.

ती मला ज्या नावानं बोलवायची ते इथं लिहीत नाही. ते नाव दुसरं कुणी वापरत नाही. कुणी वापरलं तरी मला चालणार नाही. तिच्याबरोबर माझ्यातलंही कुणीतरी गेलं आहे, आणि त्याचा दाखला कुठं मिळत नाही.

भाचीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. आता नियमानं बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०१४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सरकारनं हे २०२४ मध्ये ठरवलं. भाचीनं फोनवर पूर्ण नाव सावकाश म्हणून दाखवलं. फार बरं वाटलं.

झोपायच्या आधी मामाचा फोन आला. आईची मुलगी म्हणून मी सही केली आहे, पण माझ्याही आधारवर सासरचं आडनाव आहे, तेव्हा माझंही तसंच एक प्रतिज्ञापत्र लागेल म्हणाला. उद्या साडेअकराला बोलावलंय. दोन फोटो आणि शाळा सोडल्याचा दाखला. तो आईच्या ट्रंकेत असेल, तिच्या दाखल्याच्या खालीच.