व्हीसॅन क्लस्टर अद्ययावत करताना

व्हीसॅन म्हणजे सर्व्हरच्या गटातील (क्लस्टरमधील) डिस्क जोडून त्यांचे एकच सामायिक स्टोरेज बनवणारे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर. त्याची नवी आवृत्ती चढवताना क्रम पाळणे हे माझ्या मते निम्मे काम असते: आधी व्हीसेंटर (सगळ्या क्लस्टरचे व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर), मग एकेक ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारा सर्व्हर) आणि सर्वांत शेवटी डिस्कचा फॉरमॅट. त्याआधी बॅकअप घेतलेला आहे एवढ्यावर समाधान न मानता तो प्रत्यक्ष रिस्टोअर होतो का, हे पाहावे. तसेच स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर नव्या आवृत्तीसाठी प्रमाणित आहेत का, हे सुसंगततेच्या यादीत तपासावे.

खरी जोखीम होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये जातो, म्हणजे देखभालीसाठी कामातून बाजूला काढला जातो, तेव्हा असते. 'एन्शुअर ॲक्सेसिबिलिटी' हा पर्याय निवडला, तर सगळा डेटा हलवला जात नाही आणि व्हर्च्युअल मशीन चालू राहतात. पण एकच बिघाड सोसू शकणाऱ्या धोरणाखाली (डेटा कसा सुरक्षित ठेवायचा याच्या नियमाखाली), तो होस्ट बंद असताना दुसऱ्या होस्टची डिस्क गेली, तर त्या डेटाची चालू प्रत उरेलच असे नाही. होस्ट 60 मिनिटांत परतला नाही, तर मूळ सेटिंगनुसार व्हीसॅन हरवलेल्या प्रती इतरत्र नव्याने बांधू लागतो, आणि तीनच होस्टच्या क्लस्टरमध्ये त्यासाठी चौथा होस्टच नसतो. म्हणून 'रीसिंकिंग ऑब्जेक्ट्स'चा (ज्यांच्या प्रती अजून जुळवल्या जात आहेत अशा डेटाचा) आकडा शून्यावर आल्याशिवाय आणि हेल्थ तपासणी हिरवी दिसल्याशिवाय मी पुढच्या होस्टला हात लावत नाही, मग ठरलेली वेळ टळून गेली तरी चालेल.

डिस्कचा फॉरमॅट बदलला की जुन्या ईएसएक्सआयवर परतण्याची वाट बंद होते. त्यामुळे क्लस्टर काही दिवस नव्या आवृत्तीवर सुरळीत चालू द्यावा आणि मगच फॉरमॅटला हात घालावा.