तबकड्यांची वाटणी

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याची नजर माजघरातल्या दोन उंच कपाटांवर गेली, की चहा संपायच्या आत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्हा दीर-भावजयीचे गाण्याच्या एकाही तबकडीवर पटत नाही म्हणता, मग तबकड्या वाटून का घेत नाही?" या प्रश्नाला मी आजवर हसून उत्तर द्यायचे टाळत आले. पण परवा विचारणाऱ्या बाईंनी उत्तरासाठी थांबून राहायची तयारी दाखवली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

प्रश्न गैरलागू नाही, कारण आमच्या घरात बाकी सगळ्याची वाटणी झालेली आहे. सांगलीच्या गावभागातला हा वाडा २००९ साली दोन भावांत कागदोपत्री वाटला गेला. खालचा मजला भाऊजींकडे आणि वरचा आमच्याकडे आला, स्वयंपाकघरे वेगळी झाली, तांब्याचा बंब त्यांच्याकडे गेला, पितळी समया एकेक झाल्या. वकिलांनी यादी वाचत वाचत "ग्रामोफोन रेकॉर्ड, अंदाजे चारशे नग" या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा भाऊजी म्हणाले, "ते राहू द्या, त्याचे वहिनी आणि मी बघून घेऊ." आमचे हे तेव्हा शेजारी बसून जांभई देत होते. गाणे सुरू झाले की पहिल्या आवर्तनाला त्यांचा डोळा लागतो, त्यामुळे या विषयात त्यांचा हक्क कोणी विचारातही घेतला नाही.

संग्रह मुळात दोन ठिकाणांहून आलेला आहे. मी मिरजेची. १९८१ साली लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी भांड्यांच्या बरोबरीने बेचाळीस तबकड्या दिल्या होत्या, आणि सासूबाईंनी त्या पेटीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिले होते. भाऊजी तेव्हा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर नुकतेच लागलेले होते. पगारातून वाचवलेल्या पैशांतून घेतलेला फिएस्टा प्लेअर आणि तीस-पस्तीस तबकड्या एवढी त्यांची दौलत होती. दोन्ही पेट्या एका कपाटात रिकाम्या झाल्या, आणि कोणती तबकडी कोणाची याची खूण कोणीच केली नाही. पुढच्या खरेद्या तर बोलूनचालून एकत्र होत गेल्या.

मिरज आणि सांगली यांच्यात दहा किलोमीटरांचे अंतर आहे, पण कानांच्या बाबतीत ते बरेच जास्त आहे असे माझे मत आहे. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणे होते. वडिलांच्या मांडीवर पेंगत, अर्धवट जागी होत, पुन्हा पेंगत मी रात्र रात्र तिथे ऐकलेली आहे. गाणे संपण्याची घाई कोणालाच नसते, हे माझ्या कानांवर लहानपणीच ठसले. भाऊजी सांगलीचे, म्हणजे नाटकाच्या गावचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या गावचे. पद सुरू झाले की लगेच रंगले पाहिजे आणि रंगले की पुन्हा एकदा झाले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते.

आमच्या सगळ्या मतभेदांचे मूळ एवढेच आहे. मला तबकडी म्हणजे पंगतीतून घरी आणलेला डबा वाटतो. चव तीच, पण वाढणारे हात नाहीत आणि शेजारी जेवणारे लोक नाहीत. हे मी पहिल्यांदा बोलून दाखवले तेव्हा भाऊजी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "डबा कसला, वहिनी? नैवेद्याचे ताट म्हणा. सगळे पदार्थ असतात, फक्त वाटी लहान असते." त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटेच आहेत हे गवयाला आधीच ठाऊक असते, आणि तेवढ्या जागेत राग उभा करणे हे मैफलीहून निराळे, स्वतंत्र कसब आहे. जुन्या लाखेच्या तबकडीवर तर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत गायलेली झिंझोटी रागातली ठुमरी ऐकून कोणाला ती अपुरी वाटते, असे ते मला विचारतात. या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही, आणि हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेले नाही.

त्याऐवजी मी वेगाचा मुद्दा काढते. जुन्या काळी ध्वनिमुद्रण करताना यंत्र नेमके मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच फिरत असे असे नाही. आपण ७८ वर लावलेली तबकडी मुळात ७४ वर कोरलेली असली, तर आवाज जवळजवळ अर्ध्या सुराने चढा ऐकू येतो आणि लयही थोडी धावते. भाऊजींच्या आताच्या प्लेअरला वेग कमी-जास्त करण्याचा खटका आहे. ते तंबोरा जवळ घेऊन, खटका सरकवत, खाँसाहेबांना "त्यांच्या स्वतःच्या पट्टीत" आणून बसवण्याचा उद्योग तासन्‌तास करतात. मला तेवढा वेळ चढाच आवाज बरा वाटतो, कारण मी तो तसाच ऐकत मोठी झाले. "म्हणजे तुम्हाला खाँसाहेब नकोत, तुमच्या वडिलांचे घर हवे आहे," असे ते एकदा म्हणाले. मी दोन दिवस खाली गेले नाही.

आमची मते लेखी असतात, हे सांगायचे राहिले. भाऊजींनी १९८४ साली अडतीवरून लाल कापडी बांधणीची एक कोरी चोपडी आणली. तिच्या पानांवर डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे अशी आखणी होती. प्रत्येक तबकडीला एक पान दिले. जमेच्या बाजूला मी लिहायचे आणि नावेच्या बाजूला त्यांनी. मी एखाद्या तबकडीची निंदा केली तरी ती जमेलाच पडते, हा विनोद पहिल्या वर्षी पुष्कळ झाला आणि मग जुना झाला.

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या तबकडीचे पान पाहा. एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. माझ्या बाजूला लिहिले आहे: "मारवा सूर्यास्ताचा, दरबारी रात्रीची. एक बाजू संपली की लगेच दुसरी लावणे म्हणजे संध्याकाळी सातला झोपून आठला उठून दात घासणे." त्यांच्या बाजूला: "समय गवयाने पाळायचा असतो. यंत्राला सूर्य दिसत नाही." त्याखाली तीन वर्षांनी वेगळ्या शाईत: "तरीही मारव्यानंतर लगेच दुसरे काही ऐकवत नाही. कारण समय नव्हे. कारण मारवा." ही माघार आहे की नवी चढाई, हे मला आजतागायत समजलेले नाही. झुमरा तालातला तो संथ, विलंबित ख्याल संपला, की मारव्यात मुद्दाम टाळल्या जाणाऱ्या षड्जासाठी, म्हणजे 'सा'साठी, तहानलेले कान घेऊन आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसतो, एवढे खरे.

किशोरीताई आमोणकरांच्या भूप आणि बागेश्री या रागांच्या तबकडीवरचे भांडण मात्र चोपडीत न मावता तबकडीवरच उतरले आहे. माझे म्हणणे असे, की 'प्रथम सूर साध' हा बडा ख्याल त्या बाजूवर मनासारखा पसरायच्या आत 'सहेला रे' ही पुढची चीज सुरू होते. मैफलीत ताई त्याच भूपाला कितीतरी जास्त वेळ देत. भाऊजींना 'सहेला रे'चा उठाव इतका प्रिय आहे, की बाजू संपायची वाट न पाहता ते सुई उचलून पुन्हा तिथे ठेवत. हा त्यांचा वन्समोअर. खिडकीपाशी नेऊन तबकडी तिरपी धरली, तर बाकी सगळा काळा चकचकीत पृष्ठभाग दिसतो आणि मधेच बोटाच्या पेराएवढा एक राखाडी पट्टा दिसतो. तिथली खाच सुईने झिजली आहे. तेवढ्या जागेवर तंबोऱ्यामागे तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. मी तो पट्टा पाहुण्यांना पुराव्यादाखल दाखवते. भाऊजी शांतपणे सांगतात, की न झिजलेला भाग वहिनींच्या वाटणीचा समजावा.

आता कोणी म्हणेल, की भावजय मैफलीच्या बाजूची आणि दीर तबकडीच्या बाजूचा, यात न समजण्यासारखे काय आहे? पण 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीने हा हिशेब साफ मोडला. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, १९६७ सालची. मेंढपाळाच्या एका दिवसाची कल्पना करून सकाळच्या अहिरभैरवापासून पुढे राग ओवले आहेत. तबकडीचा कैवार घेणाऱ्या भाऊजींना ही तबकडी डोक्यावर घेण्याजोगी वाटायला हवी होती. त्यांनी मात्र नावेला लिहिले: "पाहुणे आल्यावर मागे लावून ठेवायला उत्तम. भडंगाबरोबर चालेल." मला ती मनापासून आवडते. ती कोणत्याही मैफलीचा उरलेला भाग नाही, तबकडीसाठीच जन्मली आहे आणि दुसरे काही असल्याचा आव आणत नाही. बाकीच्या तबकड्या ऐकताना मला जे हुकल्यासारखे वाटते, ते इथे हुकायला नाहीच. म्हणजे भाऊजींचा सिद्धान्त मी चालवते आहे आणि भाऊजी माझा. हे त्यांच्या लक्षात आणून दिले, तेव्हा त्यांनी गिटारीच्या मिंडेवर, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्यावर, आक्षेप घेऊन विषय बदलला.

चोपडीत एकमताची पानेही आहेत. मोजली तर अकरा निघाली. त्यांतल्या नऊ तबकड्या गेल्या दहा वर्षांत एकदाही पाकिटाबाहेर आलेल्या नाहीत. उरलेल्या दोन सणावारी लागतात. नावे सांगत नाही, कारण त्या फार थोर गवयांच्या आहेत आणि त्यांचा काही दोष नाही. दोघांनीही "उत्तम" असे लिहून टाकल्यावर पुन्हा लावून पाहण्याचे कारणच उरत नाही. याउलट, भाऊजींनी खोड काढलेली तबकडी मला दुसऱ्याच दिवशी ऐकावीशी वाटते. त्यांनी दाखवलेली जागा जवळ आली की मी कान टवकारते, आणि बऱ्याचदा तिथे त्यांनी सांगितलेला दोष न सापडता तिसरेच काहीतरी सापडते. कपाट वाटून घेतले तर माझ्या वाट्याला दोनशे तबकड्या येतील, पण पानाची एकच बाजू येईल.

तशी एक वाटणी २०१९ च्या ऑगस्टात पूर आलेल्या कृष्णामाईने स्वतःच करून पाहिली. चारशे तबकड्यांचे वजन नव्वद-शंभर किलो भरते आणि वरची जमीन जुन्या लाकडाची, म्हणून कपाटे पहिल्यापासून खालीच आहेत. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ साली कुठवर आले होते त्याच्या अंदाजावर आम्ही विसंबलो आणि फसलो. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात भाऊजी खालून पंधरा-पंधराचे गठ्ठे देत होते आणि मी जिन्यात उभी राहून वर पोचवत होते. मोठ्या तबकड्या सगळ्या वाचल्या. खालच्या खणातल्या लाखेच्या तबकड्या आणि ती चोपडी मात्र पाण्यात राहिली.

पाणी उतरल्यावर काही तबकड्यांची लेबले चिखलाबरोबर निघून आली. मोठ्या तबकडीसारखा यांना स्पिरिटचा बोळा चालत नाही, लाख विरघळते. साध्या पाण्याने एकेक धुऊन, उभ्या करून सावलीत सुकवल्या. त्यांतल्या सात आता निनावी आहेत. अगदी सुरुवातीच्या काळात गायिका ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात लेबल चुकत नसे. गौहर जान यांनी तर ते इंग्रजीत सांगितलेले आहे. आमच्या सातांपैकी एकीनेही तशी कृपा केलेली नाही. पाच आम्ही ऐकून ओळखल्या. दोन तबकड्यांवर गाणारे कोण, याबद्दल मात्र अर्थातच दोन मते आहेत.

चोपडीची शाई पसरून पस्तीस वर्षांची मते निळ्या डागांत मिळून गेली होती. आम्ही नवी आणली आणि आठवून आठवून लिहायला बसलो, तेव्हा असे भांडण सुरू झाले की जे पूर्वी कधी झाले नव्हते. आपण काय म्हटले होते यापेक्षा समोरच्याने काय म्हटले होते हेच दोघांनाही पक्के आठवत होते. 'कॉल ऑफ द व्हॅली'वर आपण इतके कडक लिहिले नव्हते असे भाऊजी शपथेवर सांगू लागले. मी भडंगाची आठवण दिली. शेवटी असे ठरले, की माझी जुनी मते भाऊजींनी सांगायची आणि त्यांची मी, आणि ज्याचे त्याने मुकाट्याने उतरवून घ्यायचे. वर उतरवलेला मजकूर त्याच चोपडीतला आहे. त्यामुळे दात घासण्याचे ते वाक्य खरोखर माझे की भाऊजींनी माझ्या नावावर जमा केलेले, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

आज सूर्यास्ताला मारवा लावला होता. बाजू संपल्यावर मी तबकडी पाकिटात घालून कपाटात ठेवली आणि स्वयंपाकाला वर आले. आता साडेनऊ वाजले आहेत, आणि खालून प्लेअर गरम झाल्याचा बारीक घुमारा ऐकू येतो आहे. दरबारी असेल. बागेश्री लावली असेल, तर मात्र मला खाली जावे लागेल.