कुणकेश्वरची चाल

बाबांच्या टाळांची दोरी मी पहाटे दिव्याखाली बसून बदलली. जुनी सुताची होती, घामाने काळी पडलेली, गाठीपाशी पिचलेली. टाकवेना, म्हणून गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवली. तारीख २४ फेब्रुवारी २०२५, सोमवार. बुधवारी महाशिवरात्र.

आमची वाडी मालवणच्या उत्तरेला, कोळंबच्या खाडीपलीकडे. दरवर्षी वाडीतली माणसं दोन दिवस चालून कुणकेश्वरचं शंकराचं देऊळ गाठतात. बाबांनी शेवटची तीन वर्षं सोडली तर ही वारी कधी चुकवली नाही. ते गेले त्याला आठ महिने झाले होते. टाळ नुसते खुंटीला लटकत राहू नयेत, एवढंच मनात होतं. मी मुंबईहून रजा काढून आले आणि सत्तावीस माणसांत अठ्ठाविसावी म्हणून उभी राहिले. बुवांनी टाळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल बाय." बाकी काही विचारलं नाही.

हडी, वायंगणी, आचरा असा पहिल्या दिवसाचा रस्ता. काजूच्या मोहराचा वास उन्हाबरोबर चढत जातो, आणि दहा वाजल्यानंतर कातळावरून येणारी झळ खालून तोंडावर मारते. घराघरांसमोर कोणीतरी कळशी आणि पेला घेऊन उभं असतं. कोकमाचं सरबत, ताक, चहा. एका घरासमोर तर एका लहान मुलाने प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पाठ होईपर्यंत घोटलेलं "हर हर महादेव" अठ्ठावीस वेळा म्हटलं.

चालताना भजन चालूच. आमच्याकडे भजनाची एक रीत आहे: रुपावली, अभंग, गवळण, गजर. रस्त्यावर मात्र गजरच जास्त चालतो, कारण गजराला पाय लागतात. बुवांनी लय वाढवली की मागची माणसं न सांगता पुढे सरकतात. बाबांचे टाळ जड आहेत, त्यांचा नाद जरा खर्जात. पहिल्या तासात मनगट भरून आलं. पण त्या नादाबरोबर जे आलं त्याची मी तयारी केलेली नव्हती. मला वारी आठवली नाही, गावही आठवलं नाही. मला लालबागची चाळ आठवली.

माझा जन्म तिथला. बाबा १९५६ साली मुंबईला गेले. आधी गावाच्या खोलीत राहिले, वीस-पंचवीस जण आळीपाळीने झोपणारे. मग गिरणीत कायम झाले आणि चाळीत दहा बाय बाराची खोली मिळाली. शनिवारी रात्री गॅलरीच्या टोकाला सतरंजी पडायची, पेटी यायची, मृदंगाला कणीक लावलेली आहे की नाही यावरून वाद व्हायचा, आणि मग पहाटेपर्यंत भजन. सगळे आमच्याच भागातले. गातागाता बाबा डोळे मिटत. आई म्हणायची, "आता ते घराकडे पोचले." तेव्हा मला कळायचं नाही. ते तर इथे, आमच्या पुढ्यात बसलेले.

मग १८ जानेवारी १९८२ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही वर्षभर वाट पाहिली आणि मग बाबांनी बिऱ्हाड गुंडाळलं. मी दहा वर्षांची होते. गावी आलो ते दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि रेडिओ घेऊन.

आणि गावी आल्यावर उलटं झालं. दर बुधवारी रात्री आठला बाबा पडवीत रेडिओ लावत. रेडिओ सिलोन, अमीन सायानी, गीतमाला. बिनाका गीतमालेची नंतर सिबाका झाली होती, बाबा बिनाकाच म्हणत. ही गीतमाला १९५२ साली सुरू झाली ती त्याच सुमारास आकाशवाणीने सिनेमाची गाणी हद्दपार केली म्हणून, हे त्यांनीच मला सांगितलेलं. आपल्या देशातली गाणी ऐकायला आपली माणसं कोलंबोकडे कान लावून बसत. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, तरी बुधवार तो बुधवार. शॉर्टवेव्हवरचा आवाज भरती-ओहोटीसारखा. कडव्याच्या मध्येच गाणं मागे सरकायचं, खरखर पुढे यायची, आणि बाबा रेडिओ हातात धरून पडवीच्या खांबापाशी उभे राहायचे, कारण तिथे जरा बरं लागायचं. अंगणापलीकडे खरा दर्या वाजत असायचा. बाबा डोळे मिटून घेत. आता ते गॅलरीत पोचलेले असत.

चाळीत असताना भजनातून गाव, आणि गावात असताना गीतमालेतून चाळ. हे मला त्या दिवशी वायंगणीच्या चढावर, हातात त्यांचे टाळ असताना पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या मोबाइलमध्ये ती सगळी गाणी आहेत, स्वच्छ, एकही खरखर नाही. मी ती ऐकते, आवडीने ऐकते. पण त्यातून पडवी दिसत नाही. पडवी त्या मागे सरकणाऱ्या आवाजात होती.

आचऱ्याला रामेश्वराच्या पाया पडलो आणि ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. पेज, कुळथाची पिठी, सुकटाऐवजी व्रताचं म्हणून बटाट्याची भाजी. पायाचे फोड फोडायचे नाहीत, खोबरेल लावून झोपायचं, एवढी एकच सूचना मिळाली.

मंगळवारी पहाटे चारला निघालो. अंधार, दव, आणि दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्यांआड हापूसच्या बागा. या दिवसांत कलमांवर मोहर आणि सुपारीएवढ्या कैऱ्या एकत्र असतात. बुवा थकल्याने गजर थांबला होता. नुसती पावलं. तेवढ्यात एका बागेतून बायकांच्या गाण्याचा आवाज आला. या वेळी, बागेत? शब्द आपले नव्हते. गडग्याच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, शेकोटी होती आणि शेकोटीशी एक तरुण मुलगा कांबळं पांघरून बसला होता, हातात मोबाइल. नेपाळी राखणदार. आमच्याकडच्या बागा हल्ली त्यांच्याच जिवावर राखल्या जातात. मच्छीच्या बोटींवरही तेच असतात.

आम्हाला पाहून त्याने गाणं बंद केलं, उभा राहिला, हात जोडले. मी म्हटलं, बंद क्यों किया? तो लाजला. अछाम जिल्ह्यातला. म्हणाला, "देउडा है दीदी. हमारे उधर हाथ पकड़के, गोल घूमके गाते हैं." मला आमचे फुगडीचे फेर आठवले. मी त्याला विचारलं, यूट्यूबवर मिळेल का. तो म्हणाला, "मिलता है, बहुत मिलता है. पर ये घर से भेजा है." आणि त्याने पुन्हा लावलं आणि फोन माझ्या कानाशी धरला. पाच-सहा बायकांचा आवाज, एक पुढे म्हणणारी, बाकी मागे. मध्ये कोणीतरी खोकलं. मग एक कुत्रा भुंकला, दोनदा. त्या मुलाने बोट वर केलं, डोळे चमकले. "सुना? ये हमारा कुत्ता है."

गाणं पुढे चालू होतं, पण तो तेवढ्यापुरतंच मागे नेऊन पुन्हा लावत होता हे माझ्या लक्षात आलं.

निघताना त्याने कांबळ्याखालून पन्नासची नोट काढली. उद्या शिवरात्र, गावाकडचे लोक पशुपतीला जातील, मला बाग सोडता येणार नाही, माझ्या नावाने नारळ वाढवा. त्याने त्याचं नाव सांगितलं, मी ते चालताना पुन्हा पुन्हा म्हणत गेले, विसरू नये म्हणून.

उजाडता उजाडता मुणगे. हे माझ्या आजीचं माहेर. आता पूल आहेत, गाड्या आहेत. आजीच्या काळात मधल्या खाड्या तरीने ओलांडाव्या लागत. माहेर पायांच्या टप्प्यात, पण ती वर्षातून एकदा जाई, कधी तेही नाही. आम्ही गावी आलो तेव्हा पिठाची गिरण होती तरी घावन्यांचं पीठ ती जात्यावरच काढी. मी तिच्या मांडीला डोकं लावून पडायची. जात्याची घरघर आधी हाडांत यायची, मग कानात. तिची एक ओवी मला अजून येते:

मायेच्या गे अंगणात, उभी जोडीची सुपारी
भावा-भावजयीच्या राज्यात, मी गे पाव्हणी दुपारी

शब्द येतात, चाल येत नाही. मी सोळा वर्षांची असताना ती गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी मी रात्री जागून ऐकल्या, कुठेतरी आजीची चाल सापडेल म्हणून. फार सुंदर आवाज, फार मोठं धन. पण आजी ओळीच्या शेवटी सूर खाली न टेकवता वर फेकायची, दारातून कोणाला हाक मारावी तसा. तो हेल मला कुठे मिळाला नाही.

मुणग्याला भगवतीच्या देवळापाशी आणखी सहा-सात जण आमच्यात आले. त्यात सत्तरीच्या एक काकी, कानामागे सुरंगीचा वळेसर, पायात रबरी चपला, चाल आमच्यापेक्षा झपाझप. मिठबावच्या अलीकडे, ऊन चढल्यावर सगळे गप्प झाले तेव्हा त्या स्वतःशीच गुणगुणायला लागल्या. मी दहा-बारा पावलं मागे होते. शब्द ऐकू येत नव्हते. नुसती ओळ सरकत होती, सरकत होती, आणि शेवटी वर गेली.

मी रस्त्यातच थांबले. मागून येणारा मृदंगवाला माझ्यावर आदळला.

पुढे गाठून विचारलं. काकींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू खयची गो?" मी सांगितलं. आजीचं माहेर सांगितलं, घराणं सांगितलं. "मुणग्याचीच ती? मगे चाल आमचीच असतली," असं म्हणाल्या, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी माझी ओवी म्हणून दाखवली, नुसते शब्द. त्या हसल्या. "सुपारी नाय गो. माड." आणि म्हणाल्या:

मायेच्या गे अंगणात, उभे जोडीचे गे माड
भावा-भावजयीच्या राज्यात, मी गे वयीवरचां झाड

"सुपारी तुझ्या आजयेन घातल्यान असतली," त्या म्हणाल्या. "परड्यात सुपारी असतली तेंच्या."

वयीवरचं झाड. कुंपणातलं. आतही नाही, बाहेरही नाही. मिठबावच्या गजबादेवीच्या डोंगरापर्यंत मी तेवढंच घोळवत चालले. आजीने ते झाड काढून पाहुणीची दुपार का घातली असेल? एखादी तरी खरी दुपार असणार. जेवून, पानसुपारी घेऊन, ओहोटीच्या आत खाडीवरची तर गाठायची म्हणून लगबगीने निघालेली.

मंगळवारी संध्याकाळी कळस दिसला तेव्हा सगळे ओरडले. दक्षिण कोकणची काशी म्हणतात ती ही. देऊळ अगदी दर्याला टेकून. यात्रेची गर्दी, कलिंगडांचे ढीग, खाजाची दुकानं, रांग पार रस्त्यापर्यंत. दर्शन बुधवारी पहाटे झालं. नेपाळच्या मुलाच्या नावाचा नारळ पहिल्यांदा वाढवला, मग बाबांचा. बुधवार होता. रात्री आठ वाजता देवळाच्या मागच्या खडकांवर बसले होते, लाऊडस्पीकरचा आवाज वाऱ्याने कधी जवळ येत होता, कधी मागे सरकत होता. मी डोळे मिटले. खांबाला टेकलेले बाबा दिसले, रेडिओ छातीशी धरलेला.

गुरुवारी अमावास्येचं तीर्थस्नान. गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या वाजतगाजत पुळणीवर उतरल्या, देवांबरोबर माणसं पाण्यात शिरली. ओहोटीला खडकातल्या पिंडी उघड्या पडतात, त्यांवर पाणी येत होतं, जात होतं. स्नान करून काकी ओल्या लुगड्यानेच वाळूत बसल्या. मी शेजारी बसले आणि फोन काढला. ओवी रेकॉर्ड करून घेते म्हटलं. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि अडल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच.

"जात्याशिवाय पुढचां आठवणा नाय गो. हात फिरूक होयो."

मग त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, जणू खुंटा धरलाय, आणि ओल्या वाळूत गोल फिरवायला लागल्या. तिसऱ्या फेऱ्याला ओळ आली. मग दुसरी. मग मी कधी न ऐकलेल्या चार. मुठीखाली वाळूत एक खोलगट गोल तयार होत होता आणि त्यात पाणी झिरपत होतं. दोन्ही हात मोकळे हवेत असं वाटलं. फोन पिशवीत टाकला, बाबांच्या जुन्या दोरीवर, आणि मीही मूठ वळून त्यांच्या मुठीला लावली. जात्यावर दोघी बसतात तशी.

"आता तू म्हण."

मी सुपारीवालीच म्हटली. दोन्ही ओळी. हात फिरत होता.

"तसा नाय," काकी म्हणाल्या. "शेवटाक उचल."