रोज ढग, पण पाऊस नाही

जुलैमध्ये आई रत्नागिरीहून सॅन फ्रान्सिस्कोला आली तेव्हा बॅगेत छत्री होती आणि स्वेटर एकही नव्हता. का तर म्हणे, "तिकडे उन्हाळा ना आत्ता!" पहिल्याच संध्याकाळी गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून ढगांचा लोंढा आत आला आणि 298 मीटरचा सुट्रो टॉवर अर्धा गायब. "अरे कपडे काढ आधी, पाऊस येतोय!" मी म्हटलं आई, इथे जुलैत पाऊस पडत नाही गं, नुसते ढग. कोकणातल्या बाईला हे पटणार कसं?

आपल्याकडे समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढते, चढता चढता गार होते, वाफेचं पाणी होतं, ढग उंचच उंच वाढतात आणि मग कोसळतात. इथे वारा किनाऱ्यालगतचं वरवरचं पाणी लांब ढकलतो आणि खालचं गारेगार पाणी वर येतं, ऐन उन्हाळ्यात 13 डिग्रीच्या आसपास, त्यामुळे हवा खालूनच थंड होते आणि फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच होतं, फक्त पेल्याऐवजी हवेतले मिठाचे वगैरे बारीक कण. पण वरती गरम कोरड्या हवेचं झाकण घट्ट बसलेलं. ढगाला वर वाढताच येत नाही, तो आडवा पसरतो, थेंब केसाच्या जाडीपेक्षाही बारीकच राहतात, मग पडणार काय? (लोकांनी याचं नाव कार्ल ठेवलंय, 2010 मध्ये तो ट्विटरवरही आला. आईला हे फार आवडलं, रोज सकाळी विचारायची, कार्ल उठला का.)

"पण असल्या ढगांचा उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न. उपयोग खूप आहे. गडद रंगाचं समुद्राचं पाणी ऊन पिऊन टाकतं, हे पांढरे ढग बरंचसं ऊन परत पाठवतात, आणि असे ढग बऱ्याच महासागरांवर पसरलेत म्हणून पृथ्वी जरा तरी गार आहे. उंचावरचे विरळ ढग मात्र उष्णता अडकवून ठेवतात. तापमान वाढलं तर खालचे ढग किती कमी होतील, यावर शास्त्रज्ञांची डोकेफोड अजून चालूच आहे.

शनिवारी तिला म्युअर वूड्सला नेलं, रेडवूडची प्रचंड झाडं. आभाळातून काही पडत नव्हतं, पण ढग झाडांत शिरला होता आणि पानांवरून टपटप पाणी गळत होतं, याच्या आधाराने ही झाडं कोरडा उन्हाळा काढतात. आईने माझ्याकडे एकदा बघितलं, पर्समधून छत्री काढली आणि उघडली.